रानओव्याची पारख

खाणावळीत शिरलं की उजव्या हाताला, गल्ल्याच्या शेजारी, एका उंच स्टुलावर आक्का बसलेली दिसायची. पाठ ताठ, हात मांडीवर आणि हनुवटी अशी किंचित वर, की येणाऱ्याला आधी तिच्या नाकपुड्या दिसाव्यात. माणूस बाकावर टेकायच्या आत ती त्याची परीक्षा करून मोकळी व्हायची. याने सकाळी आंघोळ केलेली नाही, तो काल पिऊन आडवा झाला होता, त्याची बायको माहेरी गेलेली दिसतेय कारण शर्टाला कुबट वास मारतोय. हे सगळं ती भरल्या खाणावळीत ठणठणीत आवाजात जाहीर करायची. लोक हसायचे, आणि ज्याच्यावर हसायचे तो मान खाली घालून पाव मोडत बसायचा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा यायचा. तसा रस्सा दुसरीकडे कुठे मिळत नव्हता, आणि आज दुसऱ्या कुणाची तरी पाळी असेल अशी त्याला आशा असायची.

त्या रश्श्याची सारी करामत एका रानटी झुडपाची होती. गावामागच्या डोंगरावर, जिथे दगडाशिवाय काही पिकत नाही, तिथे खाचाखाचांतून रानओवा उगवतो. दिसायला अगदीच दरिद्री. वीतभर उंची, नखाएवढी पानं, मळकट हिरवा रंग. पण पान चोळलं की झोपेतला माणूस उठून बसेल. तो कसा वापरायचा हे आक्काला तिच्या आईने शिकवलं होतं, आणि त्यात कुणी काही बदल सुचवलेला तिला खपत नसे. मटणात घालायचा तर अगदी सुरुवातीला, चरबीत परतून. माशाला मात्र उतरवताना वरून, नाहीतर मासा कडवटतो. पावाच्या पिठात घालायचा तो तळहातावर चोळून, सुरीने कापलेला नाही. खोकल्याला त्याचा काढा, सर्दीला वाफारा, दुखऱ्या दाढेखाली चिमूटभर, गुडघ्यांना ओव्यात उकळलेलं तेल, तान्ह्या पोराच्या छातीला गरम पुरचुंडीचा शेक. गरोदर बाईने काढा घ्यायचा नाही हे ती बजावून सांगायची, आणि तिचं ते बजावणं असं असायचं, की त्या बाईला दिवस गेलेत हे तिच्या सासूच्या आधी सगळ्या खाणावळीला कळायचं.

झुडूप डोळ्यांना ओळखू येतं, पण वाळवून चुरलेला ओवा डोळ्यांना ओळखू येत नाही. डोंगरावरून माल यायचा तो चुरा होऊनच, पोत्यांतून. सावलीत वाळवला तर त्याचा जीव टिकतो. उन्हात वाळवला तर वास उडून जातो आणि उरतं नुसतं गवत. शिवाय डोंगरवाले काही संत नव्हते. मागल्या वर्षीचा शिळा चुरा, भलत्याच झुडपाचा पाला, जे हाताला लागेल ते मिसळून ते पोतं फुगवायचे. हे पकडणारी एकच गोष्ट त्या गावात होती, ती म्हणजे आक्काचं नाक. ती मूठभर चुरा घ्यायची, तळहातांत घोळवायची, डोळे मिटून हुंगायची. खाणावळ गप्प व्हायची. मग तिच्या तोंडून "ठेव" तरी यायचं, नाहीतर "ओत". ओत म्हटलं की तो माल दारातल्या गटारात जायचा, आणि आणणाऱ्याने तो आपल्याच हाताने ओतायचा असा तिचा नियम होता. एकदा एक म्हातारा डोंगरवाला काकुळतीला आला. म्हणाला, धुक्यातून आणलाय, जरा दमट झाला असेल, पुन्हा एकदा बघा. आक्काने त्याला गटाराला विचारायला सांगितलं.

या नाकाने तिला प्रतिष्ठा दिली, पण त्याआधी तिचा संसार मोडला. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, घरात पाहुणे जेवत असताना, नवऱ्याच्या सदऱ्याला कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास येतोय असं ती वाढता वाढता म्हणाली. कुणाच्या तेही म्हणाली. ती बाई समोरच बसून जेवत होती. आक्का खोटं बोलली नव्हती, म्हणूनच तिला माहेरी परत पाठवलं. माहेरी आई अंथरुणाला खिळलेली आणि भाऊ शाळकरी. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं, खाणावळ काढली ती त्याच्या नावाने, आणि त्याच्यासाठी बायकोही तिनेच पाहून आणली. "गरीब आहे, तोंड वर करून बोलणार नाही," हे पसंतीचं कारण तिने मुलीच्या आईबापांदेखत सांगितलं होतं.

भावजय खरोखरच तोंड वर करून बोलत नसे. दिवस उजाडायच्या आधीपासून चुलीपुढे उभी. कणीक तिची, रस्सा तिचा, घासणं तिचं. नाव मात्र आक्काच्या ओव्याचं. तिच्या हातून अपराध घडला तो एकदाच. जेवणाच्या ऐन गर्दीत एका ट्रक ड्रायव्हरच्या कसल्याशा बोलण्यावर ती खळखळून हसली. आक्का स्टुलावरून उतरली, आत गेली, पातेल्यावर वाकली आणि म्हणाली, रस्सा उतरलाय, ओतून दे. रस्सा उत्तम होता. भावाने चमचाभर चाखला, बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि पातेलं उचलून दाराबाहेर नेलं. त्या दिवशी गिऱ्हाइकं पावाबरोबर कांदा खाऊन उठली. भावजयीने पातेलं घासून पालथं घातलं. आक्काला वाटलं, चला, पोरीला धडा मिळाला.

मग एका हिवाळ्यात गावात तापाची साथ आली. अर्ध्या गावाला काढे पाजून आक्का शेवटी स्वतः पडली. ताप उतरला, अंगात पुन्हा ताकद आली. एका सकाळी उरलीसुरली सर्दी जावी म्हणून ती वाफाऱ्याचं भांडं पुढ्यात घेऊन, डोक्यावरून टॉवेल ओढून बसली. वाफ नाकात गेली, गरम लागली, डोळ्यांतून पाणी आलं. पण वास आला नाही. तिने आणखी मूठभर ओवा टाकला. मग डबाच उपडा केला. मग उठून स्वयंपाकघरात गेली, लसूण ठेचून नाकाशी धरला, रॉकेलची बाटली उघडली, भावाचा मळका बनियन तोंडावर दाबला. सगळं जग कुणीतरी धुऊन पुसून ठेवल्यासारखं झालं होतं. आक्का घाबरली.

घाबरायला कारण होतं. भावजयीचे एक काका दूरच्या गावी लकवा होऊन पडले होते. त्यांची घाण काढायला ठेवलेली एकही बाई टिकत नव्हती, कारण काका हलता येत नसलं तरी थुंकू शकत होते. वन्सं तिकडे गेल्या तर काकांची सोय होईल, आणि त्यांच्या इथल्या खोलीत पोती ठेवता येतील, असं भावजय जेवताना अधूनमधून सुचवायची, अगदी मऊ आवाजात. भाऊ दर वेळी म्हणायचा, "नाक इथं लागतं." बहीण इथं लागते असं तो कधीच म्हणाला नव्हता, हे आक्काच्या आत्ता ध्यानात आलं. नाक गेल्याचं कळायची खोटी, तिची ट्रंक बसच्या टपावर चढली असती. तेव्हा तिने ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

सुरुवातीला ती नुसत्या अंदाजावर चालली. बऱ्याच वेळा ठेव म्हणायची, मध्येच एकदा ओत म्हणायची. चांगला माल गटारात गेला असेल, तर गेला. मग तिला जिभेचा शोध लागला. रानओवा जिभेवर ठेवला की चुरचुरतो, टोचतो आणि थोड्या वेळाने ती जागा बधिर करून टाकतो. हे चुरचुरणं वासाबरोबर गेलेलं नव्हतं. आता ती डोळे मिटून हुंगायचं सोंग करायची आणि अंगठ्याला चिकटलेला कण हळूच जिभेला लावायची. चुरचुरलं तर ठेव, नाही तर ओत. जितकं जास्त चुरचुरेल तितका माल अव्वल. युक्ती इतकी बेमालूम होती की काही दिवसांनी तिला स्वतःचं कौतुकच वाटू लागलं. गिऱ्हाइकांची अब्रू काढणंही तिने सोडलं नाही. आता ते काम ती डोळ्यांवर भागवायची. डोळे लाल दिसले की प्यायलेला, केस विस्कटलेले दिसले की पारोसा. कधी साफ चुकायचं, पण ज्याला घाणेरडा म्हटलं तो काय भरल्या खाणावळीत उठून स्वतःचा वास घ्या म्हणणार?

उन्हाळा लागला तशी गर्दी वाढली, आणि ती आक्कासाठीच वाढलीय हे कुणी सांगायला नको होतं. जेवणं आटोपली तरी लोक उठेनात. डोंगरवाले माल घेऊन आले की बाकांवर बसायला जागा उरायची नाही. तो ट्रक ड्रायव्हर दर खेपेला नवे सोबती घेऊन यायचा. कुणी ना कुणी वाटी पुढे करून म्हणायचं, आक्का, एवढं बघा. भावजयही पार बदलली होती. ती आपणहून वाट्या भरून आणायची, स्टूल पुसायची, तुमच्याशिवाय या खाणावळीला कोण विचारतंय म्हणायची. पुड्या बांधायचं कामही तिने स्वतःकडे घेतलं होतं; वन्सं, तुम्ही फक्त पारख करा, बाकीचं मी बघते. जेवायला वाढताना अदबीने विचारायची, आज पावात ओवा जरा जास्त झाला का हो? आक्का सावकाश चावून म्हणायची, झालाय जास्त, हात आवर. भावजय मान डोलावून आत जायची, आणि आतून तोंडात पदर कोंबल्यासारखा काहीतरी आवाज यायचा. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे असं लोक म्हणतात. आक्काला वाटलं, आपल्या घरात आठही दिवस नणंदेचेच आहेत.

एक वाटी तर अशी आली की तिची जीभ पेटली. असा माल माझ्या आईनेसुद्धा पाहिला नसेल, असं आक्का म्हणाली. मागच्या बाकावरचा एक जण खोकत खोकत बाहेर पळाला. आक्काने त्याच्यासाठी काढा पाठवला.

एका सकाळी एक तरुण बाई तान्हं पोर घेऊन आली. पोराची छाती घरघरत होती. दवाखान्यातलं औषध चालू होतं, पण छातीला शेक द्यायला आणि पाण्यात टाकून वाफ द्यायला तिला ओवा हवा होता, आणि तो आक्काने स्वतः पारखलेलाच हवा होता. आतून वाटी आली. आक्काने डोळे मिटले, कण जिभेला लावला, जीभ चांगलीच भाजली. ठेव, ती म्हणाली, पोराला हाच द्या. भावजय वाटी आत घेऊन गेली, पुडी बांधून आली, बाई पुडी घेऊन निघून गेली.

बाई गेल्यावर आक्का जिभेच्या बधिर होण्याची वाट पाहत राहिली. जीभ बधिर झालीच नाही. नुसती आग होत राहिली, ती जिभेवरून घशात उतरली. हा ओवा नव्हता. दुसरं काहीतरी होतं, आणि ते आता त्या पोराच्या छातीवर बांधलं जाणार होतं, त्याच्या नाकातोंडात जाणार होतं. मग तिला आठवलं की त्या अव्वल वाटीनंतरही जीभ बधिर झाली नव्हती, आणि त्याच्या आधीच्या कितीतरी वाट्यांनंतरही नाही. इतके महिने ती काय काय वाटत आली होती? आक्का दुष्ट होती, यात वाद नाही. पण तान्ह्या पोराच्या अंगावर भलतंसलतं बांधून गप्प बसेल एवढी नव्हती. जेवणाची गर्दी होईपर्यंत ती काकांच्या थुंकीचा विचार करत राहिली. गर्दी ओसरली, शेवटचं गिऱ्हाईक उठलं, तेव्हा ती स्टुलावरून उतरून भावासमोर जाऊन उभी राहिली. तो पेले पुसत होता.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "तापापासून. कशाचाच येत नाही. आधी त्या बाईच्या घरी जा, पुडी परत आण. तो ओवा नव्हता."

एवढं बोलून तिला रडू फुटलं. त्याला वाढवलं त्या सगळ्या वर्षांत भावाने तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्याने पेला उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा पुसायला घेतला.

"पोराला ओवाच गेलाय," तो म्हणाला. "ही आत पुडी बदलते. तुझ्या हातचं कुणाच्या पोटात जात नाही, आक्का. हिवाळ्यापासून नाही."

आक्काला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्याचं बाकीचं बोलणं तिच्यापर्यंत पोहोचलं.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

मग त्याने सगळं सांगितलं, कुठली बस किती वाजता सुटते हे सांगावं तशा आवाजात. भावजयीने एकदा तिच्या चहाच्या कपाला खेटून मासे धुतलेल्या पाण्याचं भांडं ठेवलं होतं, आणि आक्काने तिथे बसून शांतपणे चहा संपवला होता. ती कण जिभेला लावते हेही भावजयीने पाहिलं होतं, म्हणून मिरपूड. अव्वल वाटीत गाजराचा पाला होता, वाळवून मिरपुडीत घोळवलेला. ज्या पावात ओवा जास्त झाला होता त्यात ओवा कधी घातलेलाच नव्हता. खरा माल भावजय स्वतः मागच्या दारी पारखून घेत होती. तिच्या नाकाला काही झालेलं नव्हतं. लोक लांबून येत होते ते आक्काला बघायला. जो मोठ्याने हसेल त्याला दुसऱ्यांदा रस्सा मिळणार नाही असं भावजयीने बजावून ठेवलं होतं, म्हणून बिचारे तोंड दाबून बसायचे. हे सांगताना भावाला हसू आवरलं नाही. त्याने ते पेल्याआड लपवलं.

भावजय स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. आक्काने तिच्याकडे पाहिलं आणि जन्मात कधी केली नव्हती ती गोष्ट केली, तिच्यापुढे हात जोडले.

"मला काकांकडे पाठव," ती म्हणाली. "आज पाठव. मी त्यांचं सगळं करीन."

"काकांना बाई मिळाली, वन्सं," भावजय त्याच मऊ आवाजात म्हणाली. "चांगली आहे, टिकलीय. तुम्ही कुठं जायचं नाही. तुमची खोली तुमचीच आहे. तुम्ही आपल्या इथंच बसायचं."

आक्का खोलीत गेली, ट्रंक उघडली, दोन पातळं आत टाकली. मग पलंगाच्या कडेवर बसून तिने जायला जागा शोधली. ज्या घरांत तिला येण्याजाण्याइतकी ओळख होती, त्या प्रत्येक घरातल्या कुणाला तरी तिने कधी ना कधी चारचौघांत घाणेरडं म्हटलेलं होतं. सासरचा तर प्रश्नच नव्हता. पातळं तिने पुन्हा बाहेर काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकं नेहमीपेक्षा आधीच भरली. बातमी फुटली होती की काय, तिला कळलं नाही. ट्रक ड्रायव्हरने वाटी पुढे केली. या खेपेला कुणी फारशी मेहनत घेतलेली नव्हती. वाटीत लाकडाचा भुसा होता, त्याला हिरवा रंगसुद्धा धड लागलेला नव्हता. तो तिला डोळ्यांनी दिसत होता, आणि तिला दिसतोय हे समोर बसलेल्या सगळ्यांना दिसत होतं. तिने गल्ल्याकडे पाहिलं.

"बघ ना, आक्का," भाऊ म्हणाला. "लोक थांबलेत."

तिने मूठभर भुसा घेतला, तळहातांत घोळवला, डोळे मिटले आणि हुंगला. अंगठा जिभेला लावला. जिभेला नुसतं लाकूड लागलं.

"ठेव," ती म्हणाली. "पहिल्या तोडीचा आहे."

खाणावळ हसण्याने फुटली. भावजयीने आता हसायला मोकळीक दिली होती. माणसं टेबलं बडवत होती, एकमेकांच्या अंगावर पडत होती. इतके दिवस वाटी पुढे आली की भाऊ काहीतरी निमित्त काढून आत निघून जायचा, असं त्याने काल सांगितलं होतं. आज तो गल्ल्यावरून हलला नाही. तिच्या हातभर अंतरावर बसून, डोळे पुसत पुसत, तो सगळ्यांबरोबर हसत राहिला. आक्काने ती वाटी बाजूला ठेवली आणि पुढच्या वाटीसाठी हात पुढे केला.